न बदललेले दोन

३ मार्च

ताई,

वडील नणंदेला पत्र लिहिताना मायन्यात साष्टांग नमस्कार घालायचा असतो, एवढं मला बहिऱ्यांच्या शाळेतही शिकवलं होतं. आज घालत नाही. मोबाईलवर लिहिलं असतं, पण तिथे माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच तुमचं उत्तर येऊन पडतं. मला एकदा तरी माझं बोलणं पुरं करायचं आहे.

काल तुमच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. तुमच्या भावाने पाकीट फोडलं, वाचलं, माझ्या हातात दिलं आणि चहा टाकायला गेला. शेवटच्या पानावर तक्ता आहे. बीजं अकरा काढली. त्यांतली सात फळली. पुढे असं लिहिलंय: अर्धवट बदललेले भ्रूण चार, निकाली. न बदललेले भ्रूण दोन, निकाली. पूर्ण बदललेला भ्रूण एक, गोठवून ठेवला आहे.

न बदललेले दोन कुठे गेले? निकाली काढणं म्हणजे काय असतं तुमच्याकडे? आमच्या शिवणखान्यात उरलेल्या चिंध्या निकाली काढतात.

नोव्हेंबरात तुमच्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत आपण बसलो होतो ते आठवतं? डॉक्टर तोंडाने बोलत होते आणि तुम्ही हातांनी आम्हा दोघांना सांगत होता. मी बाहेरचा दुभाषी मागितला होता. तुम्ही म्हणालात, घरचं माणूस असताना परका कशाला? मी विचारलं, ज्यांच्यात बदल होणार नाही त्यांचं काय करता? डॉक्टर बरंच बोलले. तुम्ही मला सांगितलंत, "ठेवतात. कुठला हवा ते नंतर तू ठरव." तेवढ्यावर मी सही केली. तुमच्या भावाला ऐकणारं मूल हवं होतं, मला नुसतं मूल हवं होतं. दोघांची सोय होते असं वाटलं.

माझं वय एक्केचाळीस. नळ्या बंद आहेत, आणि आता बीजंही उरली नाहीत असं तुमच्याच डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय. मूल होणार असेल तर या सातांतूनच होणार होतं. ते दोघे माझ्यासारखे होते. ते कुठे आहेत, सरळ उत्तर द्या.

तुमची भावजय

१० मार्च

प्रिय मैना,

तुझं पत्र रागाच्या भरात लिहिलेलं दिसतं, म्हणून मनावर घेत नाही. "चिंध्या" वगैरे शब्द मात्र टाळायला हवे होतेस. मी दिवसाचे दहा तास त्या मंद उजेडाच्या खोलीत उभी असते, अत्तर नाही, बांगडी नाही, श्वाससुद्धा जपून. ते कशासाठी, याचा विचार कर.

पुन्हा एकदा सोपं करून सांगते. तुझ्या आणि धाकट्याच्या पेशींत एकाच जनुकातलं एकच अक्षर गळलेलं आहे, आणि तेही दोघांच्या दोन्ही प्रतींत. त्यामुळे तुमचं कुठलंही मूल बहिरंच होणार, निवडायला वावच नाही. इतर जोडप्यांना आम्ही सहा गर्भांतला निरोगी निवडून देतो. तुमच्यात निवडणार काय? म्हणून दुरुस्ती. बीजात शुक्राणू सोडताना त्याच सुईतून ती जनुकीय कात्री सोडायची, सोबत बरोबर अक्षराचा छोटा तुकडा द्यायचा. कात्री नेमक्या जागी कापते, पेशी तो तुकडा बघून स्वतःच सांधून घेते. कधी सगळ्या पेशींत जमतं, कधी काहींत जमतं आणि काहींत नाही. असे अर्धवट गर्भ वापरायचे नसतात, हे तूही मान्य करशील.

न बदललेले दोघे मुळातच अशक्त होते. वाढ थांबत आली होती. ठेवले असते तरी उपयोग नव्हता. उगाच तुला वाईट वाटेल म्हणून तपशील लिहिला नाही, एवढंच.

जो उरलाय तो सोन्यासारखा आहे. अशी परवानगी आजवर फक्त तीन जोडप्यांना मिळाली, त्यांत तुमचं नाव बसवायला मला किती जणांचे उंबरठे झिजवावे लागले ते तुला ठाऊक नाही. पुढच्या महिन्यात ये. अर्ध्या तासाचं काम आहे, भूलही लागत नाही.

धाकट्याला आशीर्वाद.

तुझी ताई

१९ मार्च

ताई,

मैना म्हणू नका. सून मुकी आहे म्हणून सासूबाईंनी हौसेने ठेवलेलं ते नाव, बोलणाऱ्या पक्ष्याचं. सगळं घर हसलं होतं. मी ओठ वाचू शकत नाही, पण हसणं मला दुरूनही वाचता येतं.

दोघे अशक्त होते म्हणता. मी तुमच्या कार्यालयाला अर्ज केला आणि माझी पूर्ण फाईल मागवली. रुग्णाला तो हक्क आहे, हे त्या सहीच्या कागदावर बारीक अक्षरात छापलंय. मी बारीक अक्षरं वाचते. मला दुसरं काही ऐकू येत नाही ना, वेळ असतो.

पाचव्या दिवसाच्या पानावर दोघांपुढे शेरा आहे: "वाढ उत्तम". पुढच्या रकान्यात: "बदल नाही, सबब निकाली, दुपारी ४.४०". खाली तुमची सही. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात. तुम्ही तर लेखी पुरावा ठेवून बोलता.

तुमच्या सहीशेजारी साक्षीदाराची सही आहे. तुम्हीच मागे सांगितलं होतंत की तुमच्याकडे कुठलीही बशी हलवताना दुसऱ्या माणसाने शेजारी उभं राहून बशीवरचं नाव मोठ्याने वाचायचं असतं, म्हणजे अदलाबदल होत नाही. तेव्हा ४.४० ला कोणीतरी माझं नाव मोठ्याने वाचलं असणार. तुम्ही ते ऐकलंत, आणि बशी उपडी केलीत.

आता मला सोपं करून सांगण्याबद्दल. मी सोळा वर्षं गणवेशाचं कापड बेततेय. चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं, मशीन एकदाच फिरवायचं. वर चूक झाली तर ती खालच्या एकोणचाळिसांत गेलेलीच असते, आणि ते थर उचलल्याशिवाय दिसत नाहीत. तुमची कात्री मला तुमच्यापेक्षा लवकर कळली होती. माझ्या मुलाच्या मुलात आणि त्याच्याही मुलात ती खूण उतरणार, हे मला कळत होतं आणि तरी मी सही केली. कारण दोन थर न कापलेले राहणार होते. तुमच्या हातांनी मला तसं सांगितलं होतं.

डॉक्टर त्या दिवशी खरं काय बोलले, ते लिहा.

२ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, "न बदललेले आम्ही ठेवत नाही, प्रयोगाच्या परवानगीतली अटच तशी आहे. हे मान्य नसेल तर इथेच थांबू."

झालं समाधान? हो, मी खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तू उठून गेली असतीस आणि धाकट्यालाही ओढून नेलं असतंस. तुला तुझ्या बहिरेपणाचा एवढा अभिमान आहे की त्याच्यापुढे मूल काय आणि नवरा काय! कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते तुझ्यासारखीलाच. त्या घरात तू येण्याआधी एकतीस वर्षं मी त्याच्याबरोबर काढली आहेत.

मी आठ वर्षांची असल्यापासून धाकट्याचा कान आहे. दारावर कोणी आलं, ताईला बोलवा. शाळेच्या बाई रागावल्या, ताईने येऊन त्याला सांगायचं. मैत्रिणी खेळायला जायच्या आणि मी बँकेच्या खिडकीशी त्याच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म समजावून घेत उभी असायचे. अकरा वर्षांची होते तेव्हा बाबा दवाखान्यात होते. ते वाचणार नाहीत हे डॉक्टरांनी मला सांगितलं, कारण आईला सुधरत नव्हतं आणि धाकट्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. मी माझ्या या हातांनी त्याला ते सांगितलं. मला रडायलासुद्धा मिळालं नाही, हात मोकळे नव्हते.

असलं आयुष्य आणखी एका पोराच्या वाट्याला येऊ नये, म्हणून मी ही विद्या शिकले. तू मला चोर ठरवतेस.

आणि एवढी सत्याची चाड असेल तर आणखी एक ऐक. त्या खोलीत तू डॉक्टरांच्या बाजूला बसली होतीस, तुला त्यांचा नुसता गाल दिसत होता. धाकटा समोर बसला होता. तो ओठ वाचतो, आणि चांगले वाचतो. मीच शिकवलंय त्याला. डॉक्टर त्याच्याकडे तोंड करूनच बोलत होते. मी तुला जे सांगितलं आणि डॉक्टर जे बोलले, दोन्ही त्याने पाहिलं. त्याने मान खाली घातली.

विचार तुझ्या नवऱ्याला.

२८ एप्रिल

ताई,

विचारलं.

पहिले दोन दिवस त्याने नजर दिली नाही. आमच्या भाषेत नजर न देणं म्हणजे तोंड बंद करणं. तिसऱ्या दिवशी मी दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरून माझ्याकडे वळवला. मग म्हणाला, "मला कळलं होतं."

का गप्प बसलास विचारलं तर त्याने कारखान्यातली गोष्ट सांगितली. चार वर्षांपूर्वी त्यांच्याकडे हवेची टाकी फुटायच्या बेतात होती. कोणीतरी ओरडलं, सगळे पळाले. हा लेथवर वाकून काम करत राहिला. मान वर केली तेव्हा अख्खा कारखाना रिकामा होता. टाकी फुटली नाही, नशीब. त्या दिवशी त्याने ठरवलं की आपलं मूल पळणाऱ्यांत असलं पाहिजे. नऊ वर्षांच्या संसारात त्याने हे मला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं होतं. तो माझ्याजवळ बसून रडला. मी रडले नाही. मला त्याची कीव आली आणि संतापही आला, आणि दोन्ही अजून आहेत. आमची अंथरुणं सध्या वेगळ्या खोल्यांत आहेत, तुम्हाला आनंद होणार असेल तर कळवते.

तुमचं लहानपण वाचलं. खरं सांगते, वाईट वाटलं. अकरा वर्षांच्या पोरीकडून ते काम करून घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचा मला राग आला. पण ताई, तुमच्यासारख्या हुशार बाईला एवढा साधा हिशोब कसा सुचला नाही? घरात आई बहिरी, बाप बहिरा, आणि मूल ऐकणारं. दारावर कोणी आलं तर कोणाला बोलावणार? बँकेच्या खिडकीशी कोण उभं राहणार? बापाचं काही बरंवाईट झालं तर डॉक्टर कोणाशी बोलणार? तुम्हाला बहिरं मूल जन्माला घालायचं नव्हतं. म्हणून तुम्ही सुईने, कात्रीने, तीन समित्यांची परवानगी काढून, दुसरी तुम्ही जन्माला घालायला निघालात. आणि ते दोघे, जे आमच्यात बसून आमच्याशी बोलले असते, कोणाचेही कान झाले नसते, ते ४.४० ला टाकून दिलेत.

अभिमान म्हणालात. बहिरेपणाचा मला अभिमान नाही. मला ते लाज वाटण्यासारखंही वाटत नाही. तुम्हा ऐकणाऱ्यांना या दोन्हींच्या मधलं काही समजतच नाही.

जो उरलाय तो माझा आहे. तुमच्या प्रयोगातला क्रमांक तीन नाही. कागदावर तो आमच्या दोघांच्या नावावर आहे, आणि तुमच्या भावाने माझ्यासमोर बसून सही केली आहे. या वेळी मी त्याला एकेक वाक्य वाचायला लावलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दवाखान्याची गाडी येईल आणि त्याला तुमच्या थंड टाकीतून घेऊन जाईल. तो घ्यायचा की नाही, हे मी ठरवेन. तुम्हाला कळवणार नाही.

११ मे

ऐक माझं. रागावर औषध आहे, प्रयोग अर्ध्यावर सोडण्यावर नाही.

गाडी काल येऊन गेली. गर्भाचं नळकांडं मी स्वतः हाताने काढून त्यांच्या टाकीत ठेवलं, नाव वाचायला साक्षीदार उभा होता.

तू तो घेणार असशील तर घे, मी आडवी येत नाही. पण प्रयोगातून बाहेर पडू नकोस. आम्ही बाहेरच्या थरातल्या चारदोन पेशी काढून तपासल्या आहेत. त्या पेशींची वार होते, मूल नाही. आतल्या पेशींत बदल नक्की झालाय का, कात्रीने दुसरीकडे कुठे कापलंय का, हे मूल झाल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. त्याला दरवर्षी तपासावं लागेल. त्याच्या मुलांनाही. हे माझ्यासाठी म्हणत नाही. हवं तर दुसऱ्या कोणाकडून तपासून घे, मला नुसतं कळव.

धाकटा माझ्या निरोपांना उत्तर देत नाही. तूच मनाई केलीस ना?

ताई

२० फेब्रुवारी

नऊ महिने झाले. तुझ्याकडून एक ओळ नाही. हिशोब मलाही येतो. काही झालं असेल तर कळव. काही झालं नसेल तरी कळव.

ताई

६ जून

सप्रेम नमस्कार.

सहा वर्षांत हे माझं पाचवं पत्र. आधीची परत आली नाहीत, म्हणजे तू ती घेतलीस एवढं समजते.

परवा धाकट्याने एक फोटो पाठवला. झोपाळ्यावर बसलेली मुलगी, पाठमोरी, दोन वेण्या. खाली काही लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, ही तीच का? त्याने नुसता अंगठा पाठवला. मी त्या वेण्यांकडे बघत बसले. आमच्या आईचे केस तसेच दाट होते.

तो प्रयोग दोन वर्षांपूर्वी बंद झाला. समितीने फाईल उघडली, नोव्हेंबरातली ती सही कशी घेतली गेली हे विचारलं, मी खरं ते सांगितलं. आता मी नव्या मुलींना सुई धरायला शिकवते, गर्भाला हात लावायची मला परवानगी नाही. तुझ्या आत्म्याला थंडावा मिळाला असेल तर मिळू दे, मला ते चुकीचं वाटत नाही.

बाकी दोन जोडप्यांची मुलं ऐकतात. तिसऱ्या ओळीत मी अजून काही भरलेलं नाही. खोटं कशाला बोलू, ती ओळ मला छळते. पण ते निम्मंच खरं आहे. निम्मं असं, की मी तिची सख्खी आत्या आहे आणि मला तिला हाक मारायची आहे, आणि हाक तोंडाने मारायची की हाताने, हेही मला ठाऊक नाही.

एक शब्द लिही. हो किंवा नाही. पुन्हा कधी काही मागणार नाही.

ताई

२४ जून

ताई,

फोटो पाठमोरा काढायला मीच सांगितलं होतं.

एक शब्द मागितलात. देणार नाही. हो लिहिलं तर तुम्ही जिंकलात, आणि त्या दोघांना टाकलं ते योग्यच झालं असं तुम्हाला म्हणता येईल. नाही लिहिलं तर माझी मुलगी तुमच्या हातून बिघडलेलं काम ठरेल, आणि तुम्ही तिच्याकडे तशा नजरेने बघाल. ती तुमच्या तिसऱ्या ओळीत बसायला जन्मली नाही. तिच्या तब्येतीची तपासणी दरवर्षी होते, तुम्ही सांगितली होती तितकी, ओळखीच्या नसलेल्या डॉक्टरांकडून. कागद कपाटात आहेत. ती अठरा वर्षांची झाली की किल्ली तिला देईन आणि सगळं सांगेन, त्या दोघांबद्दलसुद्धा. मग तिला वाटलं तर ती तुम्हाला लिहील.

तुमच्या भावाबद्दल मात्र लिहिते, कारण तो तुमचा भाऊ आहे. पंधरा दिवसांपूर्वी लेथमध्ये त्याचा उजवा हात सापडला. बोटं वाचतील की नाही, म्हणजे त्याला पुढे बोलता येईल की नाही, हे सांगायला शल्यतज्ज्ञांनी आम्हाला आत बोलावलं. तिला ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून तीही होती. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आम्हा दोघांच्या खुणा बघितल्या. मग खुर्ची पुढे ओढून ते तिच्याजवळ वाकले आणि तिच्याशी बोलायला लागले.

मी तिला उचललं. बाहेरच्या बाकावर बसवलं, आत येऊन दार लावलं, आणि डॉक्टरांच्याच चिठ्ठ्यांच्या वहीवर लिहून दिलं: "दुभाषी बोलवा. तो येईपर्यंत आम्ही थांबतो." ते चिडले. तुमचा भाऊ पट्टी बांधलेला हात छातीशी धरून बसला होता, घामाने भिजला होता, तरी त्याने डाव्या हाताने मला सांगितलं, थांबू. तेव्हापासून आम्ही पुन्हा एका खोलीत झोपतो.

दुभाषी यायला दीड तास लागला. तीन बोटं हलतील, दोन नाही हलणार. हे त्याला एका पगारी, अनोळखी, मोठ्या माणसाने सांगितलं.

दाराला काच होती. तो सगळा वेळ ती मला दिसत होती. बाकावर बसून पाय हलवत होती, समोरच्या भिंतीवरच्या फरशा बोटाने मोजत होती, मध्येच विसरून पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. तिला कोणी काही सांगितलं नाही, आणि तिला कोणाला काही सांगावं लागलं नाही.

तुमची भावजय